संग्रहालयात जायचंय, पण तिथलं नेमकं कोणतं काम?

वय एक्केचाळीस, सरकारी बँकेत अधिकारी, गृहकर्जाची सहा वर्षं बाकी, मुलगा आठवीत. "मला बँक सोडून संग्रहालयात काम करायचंय. हा वेडेपणा आहे का, एवढंच सांगा," असा या ताईंचा पहिला फोन. नोकरी बदलू पाहणाऱ्यांना मी सल्ला देते, आणि असे फोन हल्ली बरेच येतात. आयटीतले, शिक्षक, एकदा तर एक दंतवैद्यसुद्धा. भीती सगळ्यांची सारखीच: पगार किती घसरेल आणि या वयात कोण घेणार? ताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

पहिल्या भेटीत मी विचारलं, संग्रहालयच का? त्या खुलल्या. पुण्यात वाढलेल्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून केळकर संग्रहालयात जायच्या. तिथले दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री. बाहेर पडताना वडील विचारायचे, आज कोणती वस्तू घरी न्यावीशी वाटली? मग बँकेचा विषय निघाला आणि आवाजच उतरला. शाखेत आता विमा आणि म्युच्युअल फंड खपवायचं टार्गेट. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात पॉलिसी मारायची. सकाळी शटर वर जाताना पोटात गोळा येतो म्हणाल्या.

दोन्ही खरं होतं. पण बँकेबद्दल त्या आठ तासांच्या कामाचं बोलत होत्या आणि संग्रहालयाबद्दल रविवारच्या दोन तासांचं. हे मी त्यांना तसंच सांगितलं. दालनात दिसतो तो संग्रहालयाचा पुढचा भाग. मागे साठ्याची खोली असते, बहुतेक वस्तू तिथेच असतात, आणि काम करणारी माणसंही बरीचशी तिथेच. अभिरक्षक म्हणजे क्युरेटर हे एकच पद लोकांना ठाऊक असतं. त्याखेरीज नोंदणी आणि दस्तऐवजीकरण, संवर्धन, शाळांसाठीचे उपक्रम, प्रदर्शनाची मांडणी, छायाचित्रण, निधी गोळा करणं, तिकीटखिडकी, हिशेब अशी कामं असतात. निधीवाल्याला प्रायोजकांच्या मागे फिरावं लागतं. शाळांचे उपक्रम बघणारी व्यक्ती डिसेंबरात सहलींच्या दिवसांत दुपारपर्यंत घसा बसवून घेते. "यातलं तुम्हाला काय हवंय?" ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे माहीतच नव्हतं."

त्यांचे यजमान दुसऱ्या भेटीला आले होते. भला माणूस. "अहो, हिला म्हटलं छंद म्हणून कर की. नोकरी कशाला सोडायची?" बायकोच्या हौसेवर पाणी टाकायला आलेला नवरा, असं त्यांच्याकडे बघणं सोपं होतं. पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो आकड्यांत सोडवायचा होता.

म्हणून स्वप्न बाजूला ठेवून आम्ही सेवापुस्तकातल्या तारखा काढल्या. ताई तेविसाव्या वर्षी बँकेत लागल्या, म्हणजे अठरा वर्षं सेवा. १ एप्रिल २०१० च्या आधी लागलेल्या आणि पेन्शन योजनेत असलेल्या सरकारी बँक कर्मचाऱ्याला १९९५ च्या पेन्शन नियमांनुसार वीस वर्षांची पात्र सेवा झाली की स्वेच्छानिवृत्ती घेऊन पेन्शन मिळू शकतं. त्याआधी राजीनामा दिला तर मागची सेवा पेन्शनसाठी बुडते. ताईंच्या हातात राजीनाम्याचा मसुदा होता. दोन वर्षं अलीकडे! (१ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आहे, त्यांचं गणित वेगळं.) स्टाफ गृहकर्जाचा सवलतीचा दर बाहेर पडल्यावर राहतो का, तेही बँकेकडून लेखी मागवायला सांगितलं. यजमानांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच थोडा सैलावला. बिनपगारी लांब रजेचा विचारही झाला, पण रजेवर असताना दुसरीकडे पगारी काम करता येत नाही, म्हणून तो सोडून दिला.

वयाचा प्रश्न उरला. राज्य सरकारच्या सरळसेवेत खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३८, त्यामुळे पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा रस्ता ताईंसाठी बंदच होता. हे गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता. उरले विश्वस्त संस्थांची संग्रहालयं, खाजगी संग्रह आणि कंपन्यांची अभिलेखागारं, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवण्याच्या जागा. टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचं विक्रोळीला, रिझर्व्ह बँकेचं पुन्हा पुण्यातच, शिवाय तिचं नाण्यांचं संग्रहालय २००४ पासून मुंबईत फोर्टमध्ये. बँकवाल्या माणसाला ही नावं ऐकून जरा धीर येतो. अशा ठिकाणी वयापेक्षा 'हे काम येतं का' हे जास्त विचारलं जातं, मात्र जागा थोड्या आणि करार बहुतेक ठरावीक मुदतीचे.

ताईंना आधी पदवी करायची होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. चांगली शिक्षणं आहेत. पण कोणतं काम आवडतं हे कळायच्या आत फी भरू नका, असा माझा हट्ट असतो. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. ते शनिवार मी मागून घेतले.

पुण्यातल्या एका छोट्या विश्वस्त संस्थेच्या संग्रहालयाला स्वयंसेवक हवे होते. सुरुवातीला ताईंना दालनात माहिती सांगायला उभं केलं. दोन-तीन महिन्यांत वैतागल्या. लोक सेल्फी काढतात, मुलं काचेवर हात मारतात, कोणी ऐकत नाही. हे आवडलं नाही असं सांगताना त्यांना अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, उत्तम, एक काम यादीतून गेलं.

मग त्यांना साठ्याच्या खोलीत बसवलं, जुन्या नोंदवह्यांची प्रत्यक्ष वस्तूंशी पडताळणी करायला. वस्तूंना हात लावायची परवानगी आधी नव्हतीच, फक्त वह्या आणि फोटो. वहीत नोंद काय? 'दिवा, पितळी, १ नग.' आणि फडताळात तीसेक पितळी दिवे. यातला वहीतला कोणता? ताईंनी देणगीदारांची पत्रं काढली, जुन्या पावत्या लावल्या, उंची आणि वजनं घेतली, एका दिव्याच्या बुडाशी कोरलेलं नाव भिंगाने वाचलं. तीन दिवे जुळले, एक नोंद कायमची अनाथ राहिली. त्याबद्दल त्या माझ्याशी अर्धा तास बोलल्या, आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही. अठरा वर्षं बँकेत त्यांनी हेच केलं होतं: दोघांच्या ताब्यातल्या किल्ल्या, सीलबंद पिशव्या, रात्री उशिरापर्यंत न जुळणारी शिल्लक. त्या कामाचा त्यांना कधी कंटाळा आला नव्हता. कंटाळा आला होता तो त्याच्यावर येऊन बसलेल्या विक्रीचा.

हळूहळू त्या बारकावे शिकल्या. धातूच्या वस्तूवर क्रमांक थेट लिहायचा नसतो. आधी काढून टाकता येईल अशा पारदर्शक लॅकरचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर. पैठणीला सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती टाक्यांनी जोडायची. वस्तूची अवस्था नोंदवताना 'खराब' म्हणायचं नाही, कुठे चीर, किती लांब, हे लिहायचं. पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी केलेल्या 'जतन' या संगणक प्रणालीतल्या नोंदी त्या रात्री घरी बसून बघायच्या.

"पण हे नुसतं कारकुनी काम नाही का?" असं यजमानांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं. तामिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या मंदिरातली चोरीला गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाने २०१४ साली परत केली. ती आपलीच हे दाखवताना पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतली जुनी छायाचित्रं कामी आली होती. कोणीतरी ती काढली, लावली, जपली म्हणून. मी एवढंच सांगितलं. त्यांना ते पटलं असावं, कारण पुढच्या शनिवारी ते स्वतः ताईंना सोडायला गेले.

सेवेची वीस वर्षं भरली, मुलगा दहावी झाला, ताईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. त्याच संस्थेला दस्तऐवजीकरणासाठी अनुदान मिळालं होतं, तिथे अकरा महिन्यांचा करार झाला. रक्कम बँकेच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी. पेन्शन धरून घर चालतं, हप्ता जातो, कोकणातली सहल एक वर्ष रद्द झाली. डिप्लोमा त्यांनी अजून केलेला नाही, आणि त्यासाठी मी घाईही करत नाही.

यंदा विश्वस्तांनी त्यांना व्यवस्थापकपद देऊ केलं. कायमची जागा, पगार बरा, मात्र कार्यक्रम भरवायचे आणि प्रायोजक आणायचे. त्या विचारायला आल्या, पण उत्तर ठरवूनच आल्या होत्या. त्यांनी नकार दिला आणि नाण्यांच्या कपाटाची पडताळणी मागून घेतली. नवा करार पुन्हा अकरा महिन्यांचाच आहे. दोन करारांच्या मध्ये दीड महिना रिकामा गेला. तो पेन्शनवर निभावला, आणि पुढच्या वेळी कागद आधी तयार ठेवा असं त्यांनी संस्थेला लेखी कळवलं आहे.