ऑक्टोबरअखेर पाच रात्रींत गाडीने अख्खं क्रीट फिरून होईल का?

होणार नाही. चाकं फिरतील, पण तुमच्या हाती काही लागणार नाही.

तुम्ही लिहिलंय की लंडनहून शाळेच्या सुट्टीत निघताय, विमान हानियाला उतरतं, सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या, पूर्ण शाकाहारी सासूबाई आहेत. बेत आहे तो हानिया, क्नोसोस (हेराक्लिओनजवळचा प्राचीन मिनोअन राजवाडा), पूर्वेचं एलाउंडा, मग दक्षिण किनाऱ्याने परत असा गोल. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो आणि शरद ऋतूतलं क्रीट, ग्रीसचं हे बेट, आमच्या फार जवळचं आहे, म्हणून स्पष्टच सांगते: पश्चिमेकडचा भाग तेवढा धरा, पाचही रात्री हानियातच राहा, आणि पूर्वेचं क्रीट पुढच्या खेपेला ठेवा.

कारण नकाशा फसवतो. बेट लांबीला साधारण २६० किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त ६०. पण मधोमध डोंगर उभे आहेत. पश्चिमेला लेफ्का ओरी, मध्ये प्सिलोरितिस, दोन्हींची शिखरं २,४५० मीटरच्या वर. उत्तर किनाऱ्यावरून एकच मोठा रस्ता जातो आणि दक्षिणेला जायचं तर प्रत्येक वेळी घाट चढून उतरावा लागतो. वरंधा घाटात जसा किलोमीटरचा हिशेब चालत नाही, तसाच तिथेही चालत नाही. हानिया ते हेराक्लिओन १४० किलोमीटर, त्याला सव्वादोन-अडीच तास धरा. एलाउंडा त्याच्याही पुढे तासाभरावर. मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंना हे रोज करायला लावू नका.

दुसरं कारण उजेडाचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. डोंगरातल्या रस्त्यांवर दिवे नाहीत, वळणावर शेळ्या बसलेल्या असतात. मी तर ठरवूनच टाकलंय की घाट उजेडातच उतरायचा. म्हणजे दिवसाला एकच लांबचा पल्ला.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या दिवसांत पाऊस येऊ शकतो, पण तो सगळीकडे सारखा येत नाही. उत्तरेला ढग दाटलेले असताना डोंगरापलीकडे दक्षिणेला लख्ख ऊन, असं बऱ्याचदा होतं. मुक्काम एकाच जागी असेल तर सकाळी आकाश बघून ठरवता येतं की आज कुठे जायचं. रोज नवं हॉटेल आरक्षित करून ठेवलंत की ही मोकळीक संपली. शिवाय महिनाअखेरीस समुद्रकाठची पुष्कळ हॉटेलं हंगाम संपवून बंद होतात. हानिया मात्र खरंखुरं नांदतं शहर आहे, ते बंद होत नाही.

आता गाडीबद्दल. तिथे उजव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग डावीकडे. तुमचा ब्रिटनचा परवाना चालेल. पहिल्या दिवशी विमानतळावरून फक्त हानियापर्यंत या, लांब जाऊ नका. वळताना मागे बसलेल्या कुणीतरी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावं, याचा खरंच उपयोग होतो. जुन्या शहरात गाडी नेऊच नका, गल्ल्या फार अरुंद आहेत. तटाबाहेर गाडी ठेवायला जागा मिळते, तेव्हा घर भाड्याने घेताना तिथून किती चालावं लागेल ते विचारून घ्या. मुलासाठी बूस्टर सीट आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर दोन्ही आधीच सांगून ठेवा, तिथे गिअरच्या गाड्याच जास्त.

मोठ्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी येण्याजाण्याला एकेकच पदर आणि कडेला रुंद पट्टी. मागून वेगात कुणी आलं की पुढची गाडी त्या पट्टीवर अर्धी सरकते आणि त्याला जाऊ देते, अशी तिथली पद्धत आहे. तुम्हीही सरका, पण वळणावर नको, कारण पुढे कडेलाच कुणाची तरी बंद पडलेली गाडी उभी असू शकते. पेट्रोल बहुधा पंपावरचा माणूसच भरून देतो, डोंगरात मात्र पंप कमी, म्हणून निघतानाच टाकी भरा. विम्यात टायर, काच आणि गाडीची खालची बाजू येते का ते वाचा. कच्च्या रस्त्यावरचं नुकसान बहुतेक कंपन्या भरून देत नाहीत. एवढ्यासाठीच बालोसच्या समुद्रकिनाऱ्याला गाडीने जाऊ नका, शेवटचे सातआठ किलोमीटर दगडमातीचे आहेत आणि नंतरची उतरणही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी नाही.

जायचं कुठे, तर ऊन असलेला सगळ्यात चांगला दिवस दक्षिण किनाऱ्यावरच्या स्फाकिया भागासाठी राखा. व्रिसेसपासून रस्ता डोंगरात शिरतो, आस्किफूचं पठार लागतं, आणि पठार संपलं की एका वळणावर एकदम लिबियन समुद्र खाली पसरलेला दिसतो. याच वाटेने मे १९४१ च्या अखेरीस जर्मन सैन्यापुढे माघार घेणारे हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक डोंगर ओलांडून खाली उतरले. रात्रीच्या अंधारात होरा स्फाकियोनच्या छोट्या बंदरातून जहाजांनी त्यांना नेलं, आणि जागा न मिळालेले पुष्कळजण मागेच राहिले. तो घाट उतरताना मुलाला हे जरूर सांगा, आठ वर्षांच्या मुलाला ते कळतं. पुढे किनाऱ्याने फ्रांगोकास्तेलोला जा. चौदाव्या शतकातला व्हेनिशियन किल्ला अगदी वाळूला लागून आहे, पाणी लांबपर्यंत उथळ आणि अजून पोहण्याजोगं असतं. सासूबाईंना गाडीपासून फार चालावं लागणार नाही.

वेळ उरला आणि घाटाची सवय झाली असेल तर होरा स्फाकियोनहून वर आनोपोली गावाला चढा. तुम्ही ज्या विमानतळावर उतरणार आहात त्याला दास्कालोयानिसचं नाव आहे, तो इथला. १७७० साली त्याने तुर्कांविरुद्ध उठाव केला आणि पुढच्या वर्षी त्याला हेराक्लिओनमध्ये जिवंत सोलून मारलं. आनोपोलीच्या पुढे आरादेनाच्या घळीवर १३८ मीटर उंचीवर लोखंडी पूल आहे, गाडी गेली की लाकडी फळ्या खडखडतात. आमची मुलं अजून त्या पुलाचं नाव काढतात. या भागातल्या रस्त्यांच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं दिसतील. घाबरू नका, तुमच्याशी सगळे अतिशय प्रेमाने वागतील.

समारियाची घळ सोडून द्या. १६ किलोमीटर पायी, नुसता उतार, आणि शेवटी आगिया रुमेली गावाला रस्ताच नाही. बोटीने दुसरीकडे निघावं लागतं आणि गाडी डोंगरावर ओमालोसलाच राहते. मुलाला घळ चालायचीच असेल तर स्फाकियाच्या वाटेवरची इम्ब्रोस बघा, आठेक किलोमीटरची. तिथेही तुमच्यापैकी एकालाच जाता येईल. दुसऱ्याने सासूबाईंना घेऊन गाडी खाली आणावी.

एलाफोनिसीचा समुद्रकिनारा हा दुसरा लांबचा दिवस. अंतर ७५ किलोमीटर, पण दीड तास सहज लागतो. तोपोलियाच्या घळीत सिग्नल असलेला एकपदरी बोगदा आहे, पुढे एलोसच्या आसपास चेस्टनटची झाडं, आणि या दिवसांत चेस्टनटचाच हंगाम असतो. किनाऱ्यावरची गुलाबी झाक शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, ती वाळू घरी न्यायला बंदी आहे. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, ऑक्टोबरअखेर मात्र गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या बेटावर निवांत चालत जाता येतं. गाडी लागत असेल तर आल्या रस्त्यानेच परता. स्फिनारीवरून जाणारा पश्चिम किनाऱ्याचा रस्ता सुंदर, पण वळणांचा अंत नाही.

बाकी दिवस जवळपासचे. थेरिसोची घळ गाडीतूनच बघता येते, रस्ताच तिच्यातून जातो. आप्तेरा या प्राचीन शहराच्या अवशेषांत रोमन काळातले पाण्याचे प्रचंड हौद आणि खाली सूदाचा उपसागर. आनो वूवेसचं ऑलिव्हचं झाड चुकवू नका. त्याचं वय हजारो वर्षांत मोजतात आणि त्याला अजून फळं धरतात. ऑलिव्हची तोडणीही याच सुमाराला सुरू व्हायला लागते, झाडांखाली जाळी अंथरलेली दिसली की थांबून बघा, लोक हौसेने दाखवतात.

क्नोसोस राहिल्याची हळहळ वाटेल, मला कल्पना आहे. पण हानियाखालीही मिनोअन, म्हणजे क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीचं शहरच होतं, किदोनिया. हालेपा भागात २०२२ साली उघडलेलं नवं पुरातत्त्व संग्रहालय पावसाच्या दिवसासाठी ठेवा. तिथे मातीवर उमटलेला मुद्रेचा एक ठसा आहे, तीन हजार वर्षांहून जुना: समुद्राकाठचं शहर आणि त्याच्या माथ्यावर हातात दंड घेऊन उभा असलेला एक पुरुष. आकाराने एवढासा, पण मुलाला त्याच्यासमोर वेळ देऊ द्या. २८ ऑक्टोबरला ग्रीसची राष्ट्रीय सुट्टी असते. दुकानं बंद राहतील, पण सरकारी संग्रहालयांत त्या दिवशी प्रवेश फुकट असतो आणि शहरात संचलन निघतं. सामान आदल्या दिवशी आणून ठेवा.

सासूबाईंच्या जेवणाची अजिबात काळजी करू नका. डाकोस म्हणजे जवाच्या कडक पावावर टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्हचं तेल. हानियाची बुरेकी भोपळ्याच्या जातीच्या कोवळ्या भाजीची, बटाट्याची आणि पुदिन्याची. फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. येमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, मागवताना मात्र आत खिमा नाही ना, एवढं विचारा. कुणी ‘निस्तिसिमो’, म्हणजे त्यांच्या उपासाचं आहे असं सांगितलं तरी तेवढ्यावर थांबू नका. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण ऑक्टोपस आणि शिंपले चालतात. जेवणानंतर फळं आणि राकीची, म्हणजे द्राक्षांच्या चोथ्याच्या दारूची, छोटी बाटली न मागता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगावी ती गाळायचं काम चालतं, त्यामुळे आग्रह जरा जास्तच होतो. गाडी चालवणाऱ्याने छातीवर हात ठेवून मान हलवली की कुणी रागावत नाही.

निघायच्या दिवशी विमान दुपारचं असेल तर वाटेत व्हेनिझेलोस या क्रीटमध्येच जन्मलेल्या ग्रीक पंतप्रधानाच्या समाधीपाशी थांबा. हानिया आणि सगळा उपसागर तिथून दिसतो, विमानतळही त्याच बाजूला आहे, आणि गाडी परत द्यायच्या आधी टाकी भरायला रस्त्यात पंप मिळतात.