जुना लॅपटॉप बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न : २०१७ साली घेतलेला माझा लॅपटॉप (विंडोज १०, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क) सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतो. आता नवा घ्यावा का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : केवळ संथपणापायी लॅपटॉप मोडीत काढू नये. टास्क मॅनेजर (यंत्राचा कोणता भाग किती व्यस्त आहे, हे दाखवणारी विंडोजमधील सोय) उघडून पाहा. काहीही काम चालू नसताना ‘डिस्क’चा रकाना शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून रॅम ८ जीबी केल्यास लॅपटॉप मिनिटाभरात सुरू होऊ शकतो. मात्र काही मॉडेलांत रॅम मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते, हे आधी तपासून घ्यावे.

खरी अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे सुरक्षेतील त्रुटी दूर करणारी मोफत अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागते, आणि २०१७ चे बहुतेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. बँकेचे व्यवहार याच यंत्रावर होत असतील, तर नवा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्नपत्रिकाच टंकायच्या असतील, तर एसएसडी आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) एवढ्यावर भागेल. मराठी युनिकोड तिथेही उत्तम चालते. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर मात्र लॅपटॉप आजच बंद करावा.