तुझ्या डब्यात रंग कुठे आहेत?

प्रिय मुली,

तू पाठवलेला डब्याचा फोटो काल दोन-तीनदा पाहिला. पोळ्या, भात, फिकं वरण, बटाट्याची सुकी भाजी. सगळं पांढरं-पिवळं. त्याच्या खालोखाल तुझ्या रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन 9.4. ते किमान 12 हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, म्हणून काही तो अंगावर काढायचा नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घे. त्यांच्या जोडीला काय खायचं, ते लिहिते.

गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा यांचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. शरीर त्याचंच अ जीवनसत्त्व करतं. पालकातही ते असतं, हिरव्या रंगाखाली झाकलेलं. टोमॅटोची लाली लायकोपीनची. टोमॅटो शिजवला की ते अंगी जास्त लागतं, त्यामुळे सार करून पिणं उत्तम. जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं यांचा रंग आणखी वेगळ्या द्रव्याचा. प्रत्येकाचं काम निराळं, म्हणून रोज एकाच भाजीवर भागत नाही.

कॅरोटीन विरघळतं ते तेलातुपात. कोशिंबिरीवर फोडणी देण्याचा, कूट घालण्याचा उपयोग इथे होतो. खोलीवर शेगडी नाही म्हणतेस ना? मग दोन गाजरं किस, त्यात मूठभर दाण्याचं कूट, मीठ, अर्धं लिंबू, कोथिंबीर. हाताने कालव. कुटाचा ओशटपणा बोटांना लागतो, तेवढं तेल पुरेसं आहे.

लिंबू मात्र विसरू नकोस. पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही; क जीवनसत्त्व सोबत असलं की बरंच जास्त घेतं. चहा नेमकं उलटं करतो. जेवणावर लगेच चहा पितेस तो तासभर पुढे ढकल आणि जेवणावर लगेच पेरू खा. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि तो तुझ्या खिशाला परवडतो.

मी गृहविज्ञान शिकवायची, तरी सुरुवातीची कितीतरी वर्षं घरी पालेभाजी उकळून ते पाणी मोरीत ओतत होते. क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर वाहून जायचं. मुलं तेव्हा लहान होती. अजून हळहळ वाटते.

बाजारात मिळणारी ती भाज्यांची हिरवी पावडर घेऊ का, असं विचारलंस. नको. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. 1994 मध्ये निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग उलट वाढला होता. गाजरात एकटं कॅरोटीन नसतं. चोथा असतो, इतर कितीतरी द्रव्यं असतात. त्यातलं एकच काढून गोळीत भरलं की गाजर होत नाही. पावडरीचे पैसे मंडईत खर्च कर.

किती खायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये रोज 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं असं सांगितलंय. तुझ्या मेसच्या वाटीत यातलं फार थोडं येत असणार, बाकीचं तुलाच जमवावं लागेल. काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा कच्चे चालतात. स्वच्छ धुऊन घे.

रविवारी मैत्रिणीच्या घरी जातेस, तिथे गॅस आहे. जाताना लाल माठाची जुडी घे. पानं आधी धू, मग चिर. चिरून धुतलीस तर सत्त्व पाण्यात जाईल. लसूण-मिरचीची फोडणी कर, वर झाकण ठेव. पाणी घालू नकोस, ती आपलं पाणी सोडते. पाच-सात मिनिटांत होते. उतरवल्यावर लिंबू पिळ आणि गरम भातात कालव. भात गुलाबी होईल. त्या ताटाचा फोटो मला पाठव.

तुझ्या,
बाई