किटमधली बीअर पाणचट लागते, काय करू?

प्रश्न : मी रिटायर्ड, कोथरूडला असतो, पण उन्हाळा आला की आम्ही दोघं लेकीकडे लीड्सला जातो. जावईबापूंना घरी बीअर करायचा नाद लागलाय. किट आणलं, डब्यावर लिहिल्याप्रमाणे एक किलो साखर घातली, पाणी घालून २३ लिटर केलं, सगळं अगदी बरहुकूम. बीअर झाली, पण पाणचट, आणि मागून जरा आंबट सफरचंदासारखी चव. आता पुढच्या किटमध्ये जास्तीचं माल्ट आणि हॉप्स घालायचेत. ते म्हणतात सगळंच डबल टाकू. काय, किती, कधी घालायचं? – एक सासरे

उत्तर : काका, आधी जावईबापूंचा हात धरा. डबल बिबल काही नाही.

त्या डब्यात असतं साधारण १.७ किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, तेच बार्लीचं करायचं, मग त्याचा गोड अर्क काढून आटवायचा, तो हा पाक. त्यात कडूपणासाठी हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, आधीच घातलेले असतात, हे बरेच जण विसरतात. म्हणून डबल काही नको, नुसती साखर काढून टाका, अर्धं काम तिथेच झालं. साखर यीस्ट, म्हणजे आंबवणारी बुरशी, पूर्ण खाऊन टाकतं, दारू तेवढी मिळते पण तोंडात भरल्यासारखं काही राहत नाही. माल्टमधल्या साखरेचा साधारण पाव भाग यीस्टला पचत नाही, तो मागे राहतो, आणि तोच बीअरला अंग देतो.

तर एक किलो साखरेच्या जागी एक किलो लाइट स्प्रेमाल्ट. म्हणजे माल्टची पावडर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तितका आकडा मोठा) साखर घालून १.०३९ च्या आसपास येते, स्प्रेमाल्ट घालून १.०३८, फरक नगण्य. बीअर किंचित सौम्य होईल एवढंच. अजून दाट हवी तर २३ ऐवजी २० लिटरवर थांबा, ग्रॅव्हिटी १.०४४ ला जाते, आणि यात पैसे शून्य लागतात. एक मात्र सांगतो, स्प्रेमाल्टची पिशवी उकळत्या भांड्यावर धरून उघडू नका, वाफ लागली की पावडरचा क्षणात चिकट गोळा होतो, चमच्याला, बोटांना, पिशवीच्या तोंडाला सगळीकडे, आणि मग लेक ओट्याकडे बघून काय बोलेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गार पाण्यात ढवळा, मग गॅसवर ठेवा. उकळताना दुधासारखं वर येतं, तिथून हलायचं नाही.

रंग आणि टॉफीसारखी चव हवी असेल तर क्रिस्टल माल्ट (भाजून गडद केलेलं माल्टचं धान्य), भरडलेलं, २५० ग्रॅम. मलमलच्या पुरचुंडीत बांधून दोन-तीन लिटर पाण्यात ६५ ते ७० डिग्रीला अर्धा तास. उकळायचं नाही, सालांमधून तुरटपणा उतरतो. पुरचुंडी काढा, पिळू नका, मग ते पाणी उकळा. साधं पेल माल्ट मात्र असं भिजवून चालत नाही, त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला नीट मॅशिंग, म्हणजे कोमट-गरम पाण्यात मुरवणं, लागतं, ते प्रकरण वेगळं.

आता हॉप्स. तासभर उकळले की कडूपणा येतो, सुगंध वाफेबरोबर जातो. कडूपणा डब्यात आहेच, तुम्हाला हवाय सुगंध, म्हणून हॉप्स शेवटी घालायचे. वरच्याच पाण्यात थोडं स्प्रेमाल्ट घाला (लिटरला १०० ग्रॅम), उकळी आली की २५ ग्रॅम हॉप्स, दहा मिनिटं, गॅस बंद. डब्यातला पाक यानंतर ढवळायचा, तो उकळायचा नाही, नाहीतर त्यात जो काय थोडाफार सुगंध आहे तोही जाईल. उरलेले २५-३० ग्रॅम फसफस ओसरल्यावर थेट फर्मेंटरमध्ये (बीअर आंबवायच्या पिंपात), बाटल्या भरायच्या तीन-चार दिवस आधी. याला ड्राय हॉपिंग म्हणतात, आणि माझ्या मते किटवर करायच्या सगळ्या उचापतींत पैसा वसूल करणारी ही एकच. हॉप्सच्या जातींपैकी इंग्लिश चव आवडत असेल तर ईस्ट केंट गोल्डिंग्ज, लिंबू-संत्र्याच्या अंगाने जायचं तर कॅस्केड. सिट्रा जोरकस असतं, पहिल्यांदा हात आखडता ठेवा. उरलेलं पाकीट घट्ट बांधून फ्रीझरमध्ये. आणि घरात कुत्रं असेल तर चोथा त्याच्या तोंडी लागेल असा टाकू नका, हॉप्स कुत्र्यांना विषारी, जिवावर बेतू शकतं.

सफरचंदी चवीचं खापर लोक साखरेवर फोडतात, पण मला झाकणाखालच्या यीस्टच्या पुडीचा जास्त संशय येतो. पाच-सात ग्रॅमची पुडी, दुकानात किती महिने पडून होती कोण जाणे, त्यात फर्मेंटर बहुतेक घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात. ११ ग्रॅमचं वेगळं एल यीस्ट घ्या आणि १८ ते २० डिग्रीला ठेवा. फक्त एका किटमध्ये एक-दोनच बदल करा हो, नाहीतर चांगलं झालं तर कशामुळे आणि बिघडलं तर कशामुळे, कळणार नाही.

प्रश्न : मित्र बाहेरून असंच किट आणून देतोय. सिंहगड रोडला फ्लॅट आहे, बाल्कनीत जागा आहे, फक्त घरच्यापुरतं करणार, विकणार नाही. चालेल ना? – बॅचलर

उत्तर : नाही चालणार. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा, आणि त्यात बीअर आली, घरच्यापुरती असली तरी. काकांचं सगळं चाललंय ते इंग्लंडात, तिथे १९६३ पासून घरगुती बीअरला लायसन्स लागत नाही, तरी विकायची तिथेही सोय नाही. मित्राला सांग, किट राहू दे, दुसरं काही आण. चवच शिकायची असेल तर पुण्यात बसून शिकता येते, २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हापासून मायक्रोब्रुअरीज, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणारी छोटी ठिकाणं, आहेत इथे. गर्दी नसेल अशा दुपारी जा, छोटे ग्लास मागव, कुठले हॉप्स आणि कधी घातले ते विचार, ब्रुअर भेटला तर तो भरभरून बोलतो.

प्रश्न : भाऊ मेलबर्नला बीअर करतो. ग्रॅव्हिटी १.०११ वर थांबली होती, ड्राय हॉप घातले तर पुन्हा बुडबुडे सुरू आणि रीडिंग १.००९. खराब झाली का? – धाकटी, सदाशिव पेठ

उत्तर : नाही. हॉप्समध्ये एन्झाइम असतात, यीस्टला न पचणाऱ्या साखरेचे ते तुकडे करतात आणि यीस्ट परत जेवायला बसतं. पण बाटल्या भरायची घाई करू नको म्हणावं. रीडिंग दोन-तीन दिवस जागचं हलत नाही तोवर थांबायचं, मगच लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटलीबंद करायचं, नाहीतर आत गॅस साठून काच फुटते आणि ती कपाटात फुटेल की हातात ते सांगता येत नाही.