डिस्क मोकळी, तरी जागा नाही

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये वीस-बावीस मुलं यूझनेटवरचे (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरचे) सी आणि युनिक्सचे गट वाचतात. दुपारी नेट फार रखडतं, म्हणून न्यूज कॅशिंग सर्व्हर, म्हणजे त्या गटांचे लेख एकदाच उतरवून लॅबमध्ये साठवणारं मशीन, बसवायचा आहे. जेल रोडच्या दुकानदाराने आय-सेव्हन आणि ३२ जीबी रॅम सुचवली. लॅबमध्ये ४ जीबीचं जुनं आय-थ्री पडून आहे. काय घ्यावं? आणि लिनक्स की फ्रीबीएसडी? मुलांच्या मशीनवर डेबियन (लिनक्सच) आहे.
– एक शिक्षक, इंदूर

उत्तर : नवीन मशीन घेऊच नका, सर. ते आय-थ्री पुरून उरेल. एनएनटीपी हा यूझनेटच्या लेखांची ने-आण करणारा प्रोटोकॉल १९८६ सालचा, तेव्हाच्या मशीनवर चालावा असाच बेतलेला. त्यात प्रोसेसरला काम थोडं. भार पडतो तो डिस्कवर. मजकुराचा लेख साधारण दोन-चार केबीचा, आणि लीफनोड (हे लेख साठवणारं छोटं सॉफ्टवेअर) दर लेखाची वेगळी फाइल करतो. लाखो चिमुकल्या फाइली होतात. म्हणून पैसे २४० जीबीच्या एसएसडीवर आणि चांगल्या यूपीएसवर घाला. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते, ते तुम्हाला सांगायला नको.

आता जे मी फटका खाऊन शिकले ते सांगते. लोकमान्यनगरात घरीच माझा सर्व्हर होता, स्पूलला, म्हणजे लेखांच्या साठ्याला, २० जीबीचं पार्टिशन. जुने लेख काढून टाकायला माझा जीव होत नसे. एका सकाळी लेख येणं थांबलं. लॉग म्हणतोय जागा नाही, आणि डीएफ (डिस्कवरची जागा सांगणारी आज्ञा) दाखवतंय बरीचशी डिस्क मोकळी! तासभर मी केबल काढून-घालून पाहिली. मग डीएफला मायनस आय जोडलं, तर इनोड १०० टक्के संपलेले. दर फाइलला एक इनोड, म्हणजे तिची नोंद ठेवायचा एक खण, लागतो आणि ईएक्सटी-फोर ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम एरवी दर १६ केबीमागे एकच इनोड ठेवते. म्हणजे २० जीबीत सुमारे १३ लाख. हे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं, मागाहून बदलत नाही. सगळं उपसून पुन्हा फॉरमॅट करावं लागलं.

तुम्ही आधीच एमकेएफएसला (फॉरमॅट करणाऱ्या आज्ञेला) ‘मायनस टी न्यूज’ सांगा. हा पर्याय याच कामासाठी आहे : दर ४ केबीमागे एक इनोड, म्हणजे चौपट. माउंट करताना ‘नोएटाइम’ही द्या, नाहीतर नुसतं वाचलं तरी डिस्कवर नोंदी होत राहतात.

फ्रीबीएसडी उत्तमच आहे, पण तुमच्याकडे डेबियन. सुट्टीत मशीन अडलं तर लॅब असिस्टंटला फोनवरून जिच्या आज्ञा तोंडपाठ सांगता येतील, तीच सिस्टिम घ्या.

मुलांना मात्र आधीच सांगून ठेवा, की लीफनोडवर नवा गट पहिल्यांदा उघडला की सूचनेचा एकच लेख दिसतो. खरे लेख पुढच्या फेचन्यूजनंतर (लेख उतरवून आणणाऱ्या आज्ञेनंतर) येतात. ते क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत) पहाटे लावा, आणि त्याच्यामागोमाग जुने लेख काढून टाकणारं टेक्सपायरही.