वाहन-शंका : फट बॉनेटची, दोष चौकटीचा

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी विजापूर रस्त्यावर पुढच्या टेम्पोने एकाएकी ब्रेक दाबला आणि माझ्या 2019 च्या हॅचबॅक गाडीचा पुढचा डावा कोपरा त्याच्या मागच्या अँगलवर आदळला. वेग फार नव्हता. ओळखीच्या गॅरेजमध्ये बंपर बदलून, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) ठोकून सरळ करून रंगही दिला. आता बॉनेट आणि डावा फेंडर यांच्यामध्ये पुढच्या टोकाला पोस्टकार्डही सरकत नाही, उजवीकडे मात्र पेन्सिल सहज जाते. काचेजवळ दोन्हीकडची फट सारखीच आहे. बॉनेट आपटल्याशिवाय लागत नाही. डावे दार उघडताना फेंडरला घासते आणि त्याच्या कडेचा रंग उडाला आहे. गॅरेजमालक म्हणतात, "ठोकलेल्या गाडीत एवढं चालतंच." मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो. पुन्हा पैसे घालावेत का? विम्यातून काही मिळेल का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे काचेजवळची फट दोन्हीकडे सारखी आहे, ही. बॉनेट मागे बिजागऱ्यांवर बसते आणि पुढे कुलपात अडकते. बिजागरी सरकली असती तर फटीचा फरक काचेजवळही दिसला असता. तो तिथे नाही आणि पुढे जाताना वाढत जातो, याचा अर्थ बॉनेट बहुधा जागेवरच आहे. सरकली आहे ती रेडिएटर ज्या आडव्या चौकटीत बसतो ती चौकट, जिला गॅरेजमध्ये क्रॉस मेंबर म्हणतात. डाव्या कोपऱ्यावर तिरका मार बसल्याने ती उजवीकडे ढकलली गेली, तिच्यावर बसवलेली फेंडरची पुढची टोके आणि बॉनेटचे कुलूप तिच्याबरोबर गेले, आणि डावा फेंडर थोडा मागे सरकून दाराला भिडला. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ अशा रीतीने एकच ठरते. मागावर कापडाचा काठ आत ओढला जाऊ लागला तर विणून झालेले कापड ताणून काही साधत नाही, ताणा तपासावा लागतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

याची खातरजमा एका मीटर टेपने घरीच करता येते. गाडी सपाट फरशीवर आणि सावलीत उभी करा. उन्हात तापलेला प्लॅस्टिकचा बंपर फुगतो, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी घेतलेली बंपरजवळच्या फटींची मापे फसवी ठरतात. बॉनेट उघडून डाव्या बिजागरीच्या बोल्टपासून क्रॉस मेंबरच्या उजव्या टोकाच्या बोल्टपर्यंत टेप तिरकी ताणा, मग उजवीकडून डावीकडे तसेच माप घ्या. टेपचे दुसरे टोक कोणाला तरी धरायला सांगा आणि दोन्हीकडचे बोल्ट अगदी जोडीचेच निवडा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो. त्याहून स्पष्ट फरक आला तर चौकट वाकडी आहे आणि ती यंत्रावर साखळीने हळूहळू ओढून जागेवर आणल्याशिवाय पुढचे कोणतेही काम टिकणार नाही. ओढताना गॅसची ज्योत लावू देऊ नका. आजच्या गाड्यांच्या सांगाड्यात जास्त ताकदीचे पोलाद असते आणि तापवल्यावर त्याची ताकद कमी होते.

आधीच्या कारागिराने काय केले असावे, याचा माग बिजागरीवर सापडेल. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडाला असेल आणि वॉशरच्या शेजारी चंद्रकोरीसारखी वेगळ्या छटेची कड दिसत असेल, तर बॉनेट तिथून हलवून पाहिली आहे. कडेची जाडी जेवढी, तेवढे बॉनेट सरकवले. कड नसेल तर बिजागरीला हात न लावता फक्त कुलूप ओढून बॉनेट कशीबशी लावली आहे, आणि मला तरी हीच शक्यता जास्त वाटते.

चौकट सरळ झाल्यावर जुळवणी मागून पुढे यावी लागते, हा क्रम बऱ्याच ठिकाणी उलटा होतो. मागच्या चाकावरचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. म्हणून मागचे दार त्याच्याशी, पुढचे दार मागच्या दाराशी, फेंडर पुढच्या दाराशी, बॉनेट दोन्ही फेंडरांशी आणि हेडलाइट व बंपर सर्वांत शेवटी. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दारांमधली रेघ सरळ असेल तर दाराला अजिबात हात लावू देऊ नका. दार घासते म्हणून दाराची बिजागरी वाकवणारे कारागीर असतात. मग दार नीट उघडते, पण पावसात आत पाणी येते.

बॉनेट बसवताना आधी कुलूप काढून ठेवायचे, कोपऱ्यांतले रबरी ठोकळे खाली फिरवायचे आणि बोल्ट हाताच्या दाबाने सरकेल एवढेच सैल करायचे. त्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारून घेतली की मूळ जागा हरवत नाही. एका वेळी एक-दीड मिलिमीटर सरकवून बॉनेट हलकेच टेकवायची, कारण पहिल्याच वेळी आपटली तर काठ फेंडरवर बसून दोघांचाही रंग जातो. फट जुळली की ठोकळे वर आणून उंची साधायची आणि कुलूप सर्वांत शेवटी लावायचे.

बॉनेट आपटावी लागते याकडे मात्र कृपया आजच लक्ष द्या; दिसण्याची बाब आठवडाभर थांबू शकते, ही नाही. कुलूप अर्धवट धरत असेल तर महामार्गावर वाऱ्याने बॉनेट उघडून काचेवर येऊ शकते. आतला खटका ओढा. बॉनेट थोडी उचलली जाऊन दुसऱ्या आकड्यावर अडकली पाहिजे. आकडा न दाबता ती वर येत असेल तर पुणे किंवा हैदराबादच्या रस्त्याला गाडी लावू नका.

पैशांविषयी. दुरुस्ती विमा कंपनीला न कळवता झाली असल्याने झालेल्या कामाचा दावा मान्य होणे अवघड आहे. नुकसान विमा कंपनीच्या माणसाने (सर्वेक्षकाने) दुरुस्तीआधी पाहावे लागते. साध्या पॉलिसीत 5 ते 10 वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के आणि प्लॅस्टिक-रबरावर 50 टक्के घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) कापला जातो, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आपल्याच खिशातून जातात, आणि दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. छोट्या ठोकरीत हिशेब करूनच दावा करावा. आत्ता मात्र मापांचा कागद घेऊन त्याच गॅरेजमालकाकडे जा. "बघा, वाकडं दिसतंय" यावर तो "चालतंच" म्हणेल. "तिरक्या मापात एवढा फरक आहे" यावर त्याला उत्तर द्यावे लागेल. फरक आला तर पुन्हा पैसे घालणे मला योग्य वाटते, पण ते चौकट ओढण्याचे, रंगाचे नव्हे. फेंडरच्या कडेला लांबी (पुट्टी) भरून फट बारीक दाखवण्याचा प्रस्ताव आला तर तिथून उठा. दाराच्या उघड्या कडेला मात्र प्रायमर आणि रंगाचा हात लगेच फिरवून घ्या.

प्रश्न : अशाच ठोकरीनंतर बंपरचा कोपरा सारखा फेंडरपासून सुटतो. स्क्रू मारून घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मारू नका. फेंडरखाली बंपर धरणारी प्लॅस्टिकची पट्टी असते, तिचे दात तुटले असणार. ती स्वतंत्र मिळते. स्क्रूभोवती बंपर काही महिन्यांत चिरतो आणि मग पट्टीऐवजी बंपरच घ्यावा लागतो.