टायर मोजत बसणारा मुलगा

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा. बरीच वर्षं अमेरिकेत आहे, सध्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉन्कॉर्डमध्ये, बँकेत आयटीत. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. नवव्या वर्षापासून मातीच्या ट्रॅकवर रेसिंग करतो, आता 600 सीसीची मायक्रो स्प्रिंट (मातीच्या ट्रॅकवरची छोटी, उघड्या चाकांची रेस कार) चालवतो. त्याला नॅसकारपर्यंत, म्हणजे नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेपर्यंत, न्यायचं आमचं ध्येय आहे. पुढच्या वर्षी डांबरी ट्रॅकवरची लेट मॉडेल स्टॉक कार घ्यायची, त्यासाठी कॉलेजचं 529 खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) मोडायचं आणि शाळा ऑनलाइन करायची असं ठरवलंय. बायकोला एसएटी ही कॉलेजची प्रवेश परीक्षा आणि इंजिनीअरिंग हवं. मुलगा वेगात कमी नाही, पण आक्रमक नाही. एप्रिलमध्ये भिंतीला धडकला. आठ-दहा दिवस डोकं दुखत होतं, पण पॉइंट जाऊ नयेत म्हणून पुढच्या शनिवारी उतरवलं. हल्ली शुक्रवारी रात्री त्याचं पोट दुखतं. रेस संपली की बाकीची मुलं मजा करतात, हा टेप घेऊन टायर मोजत बसतो. मला स्वतःला कॉलेजात डर्ट-ट्रॅक बाइक रेसिंग करायचं होतं. वडिलांनी माझी आरएक्स 100 विकून टाकली. मुलाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही. त्याला नॅसकार चॅम्पियन काइल लार्सनसारखं घडवायला काय करावं? आणि बायकोला कसं समजवावं?

उत्तर : तुमचा प्रश्न नॅसकारचा आहे, पण मी एप्रिलच्या त्या वाक्याच्या पुढे बराच वेळ जाऊ शकले नाही. डोकं आठ-दहा दिवस दुखत होतं आणि पुढच्या शनिवारी उतरवलं. म्हणजे डोकं दुखत असतानाच उतरवलं. डॉक्टरांचा उल्लेख पत्रात कुठेच नाही.

भिंतीला धडकल्यावर इतके दिवस डोकं दुखणं हे कन्कशनचं लक्षण असू शकतं, म्हणजे मेंदूला बसलेला मार. तो भरून येण्याआधी दुसरा धक्का बसला, तर नुकसान कितीतरी जास्त होतं, आणि वाढत्या वयात हा धोका अधिक. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं आणि तुम्ही थांबला असतात. इथे दिसत काही नाही, म्हणून पॉइंट जिंकले. डेल अर्नहार्ट ज्युनियर हा त्या काळचा नॅसकारचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर, त्याच्या गाडीवर मोठमोठे प्रायोजक. 2016 मध्ये कन्कशनमुळे तो सीझनच्या शेवटच्या 18 शर्यतींना मुकला. कर्ट बुश 2004 चा चॅम्पियन. जुलै 2022 मध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत धडकला आणि त्यानंतर कप शर्यतीत, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत, परत उतरूच शकला नाही. त्यांनाही पॉइंट होते.

तुमच्याच राज्यात 2011 पासून कायदा आहे : सरकारी शाळेच्या खेळात विद्यार्थ्याला कन्कशनची लक्षणं दिसली, तर लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय त्याला परत खेळवता येत नाही. हाच मुलगा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये असता, तर कोचने त्याला बाहेरच बसवलं असतं. शनिवारच्या ट्रॅकवर कोच, मालक, मेकॅनिक आणि बाप, सगळं तुम्हीच आहात. तुम्हाला थांबवणारं तिथे कुणी नाही. म्हणून मी सांगते : कन्कशन बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत गाडी बाहेर काढू नका, सरावालाही नाही. एप्रिलनंतर त्याची झोप, चिडचिड, वाचताना लक्ष लागणं यात काही बदल झालाय का, हे त्याच्या आईला विचारा. तिच्या लक्षात आलं असेल.

शुक्रवारच्या पोटदुखीचंही तेच. दर आठवड्याला त्याच रात्री दुखणारं पोट खाण्यापिण्यामुळे दुखत नसतं. त्याला भीती वाटत असेल, किंवा रेसिंग नको असेल, किंवा रेसिंग हवं असेल पण तुमच्या डोळ्यांदेखत हरणं नको असेल. यातलं नेमकं काय, हे मला इथून कळणार नाही. तुम्हालाही कळलेलं नाही, कारण तुम्ही त्याला विचारल्याचं पत्रात दिसत नाही. आक्रमकपणा कसा आणावा हे विचारलंत; पोट का दुखतं, हे नाही विचारलंत.

आता आरएक्स 100. तुमच्या वडिलांनी तुम्हाला न विचारता ती विकली, हे चूकच होतं. इतक्या वर्षांनी तुम्ही ते लिहिलंत, यावरूनच किती लागलं असेल ते कळतं. पण तो हिशेब मुलाच्या डोक्यावर हेल्मेट चढवून चुकता होणार नाही. तुमच्या वडिलांनी ठरवलं की तुम्ही रेसिंग करायचं नाही. तुम्ही ठरवलंत की याने करायचं. दोन्ही घरांत मुलाला कुणी विचारलं नाही. गाडी चालवायची हौस अजून असेल, तर मोठ्यांसाठीही मातीच्या ट्रॅकवर वर्ग असतात. तुम्ही स्वतः उतरा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

लार्सनचं उदाहरण तुम्ही दिलंत, आणि इथेच तुमच्या आराखड्यातला मोठा गैरसमज आहे. आपण मेरिट लिस्ट बघत मोठे झालो. मार्क पडले की प्रवेश, पहिला आला की वरची पायरी. स्टॉक कार रेसिंगमध्ये अशी यादी नसते. कपच्या शर्यतीत सहसा जास्तीत जास्त 40 गाड्या, त्यातल्या 36 जागा चार्टर, म्हणजे प्रत्येक शर्यतीत उतरायचा राखीव हक्क, असलेल्या संघांच्या. खालच्या मालिकांमध्ये अनेक मुलं आपल्या जागेचे पैसे स्वतः आणतात, कुणी प्रायोजकाकडून, कुणी वडिलांकडून. जोश बेरीचं बघा. हा मुलगा बँकेत काउंटरवरचा रोखपाल होता. ऑनलाइन रेसिंगमध्ये त्याची डेल ज्युनियरशी ओळख झाली आणि 2010 पासून तो त्याच्या संघाची लेट मॉडेल चालवू लागला. तुम्ही जी गाडी घेणार म्हणता, त्याच वर्गात तो जवळजवळ दहा वर्षं जिंकत राहिला. जिंकून वरची जागा मिळत असती, तर त्याला दोन वर्षांत मिळायला हवी होती. कपमधली पहिली शर्यत त्याने मार्च 2025 मध्ये लास वेगासला जिंकली, चौतिसाव्या वर्षी. त्याच्यामागे ज्युनियर उभा होता, तरी इतकी वर्षं लागली. लार्सनने 2011 मध्ये एल्डोरा ट्रॅकच्या मातीवर एकाच रात्री तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्यांच्या शर्यती जिंकल्या होत्या, आणि 2021 मध्ये कपचा चॅम्पियन झाल्यावरही तो सवड काढून मातीवर येतो, कारण त्याला राहवत नाही. ही ओढ बाहेरून घालता येत नाही. त्याचं उदाहरण घ्यायचं तर तेवढंच घ्या.

आपल्याकडचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वन चालवून आलेला. 2010 मध्ये नॅसकारच्या पिकअप ट्रकच्या मालिकेत मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर पहिल्याच शर्यतीत तेरावा आला, आणि चाहत्यांच्या मतांवर त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. पुढच्या वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये परतला. नॅसकारमध्ये त्याचा जम बसला नाही. नॅसकारने 2004 मध्ये ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी नावाने अल्पसंख्याक आणि महिला ड्रायव्हरांना पुढे आणणारा कार्यक्रम सुरू केला, लार्सन आणि कपमधला ड्रायव्हर बबा वॉलेस त्यातूनच पुढे आले. मुलाला स्वतःला वाटलं, तर त्याने नॅसकारच्या अशा कार्यक्रमात अर्ज करावा. त्यासाठी 529 मोडावं लागत नाही. शिक्षणाबाहेर ते पैसे काढले, तर वाढीव रकमेवर कर आणि वर 10 टक्के दंड, हे तुम्हाला बँकेत राहून माहीत असणारच. त्या खात्याला हात लावू नका.

शाळा ऑनलाइन करण्याच्या विचाराला माझा साफ विरोध आहे. तुमच्या शेजारच्या कॅनापोलिसच्या दिग्गज ड्रायव्हर डेल अर्नहार्टने नववीत शाळा सोडली, हे खरं. पण त्याचाच मुलगा ज्युनियर कम्युनिटी कॉलेजात ऑटोमोटिव्ह शिकला. ॲलन कुलविकी मेकॅनिकल इंजिनीअर होता. स्वतःचा संघ स्वतः चालवून 1992 चा कप चॅम्पियन झाला. रायन न्यूमन पर्ड्यू विद्यापीठातून इंजिनीअर झाला आणि 2008 ची डेटोना 500 ही नॅसकारची सर्वांत मानाची शर्यत जिंकला. सोमवार ते शुक्रवार मित्रांमध्ये काढलेले तास हीच सध्या त्याची रेसिंगबाहेरची एकमेव जागा दिसते. ती काढून घेऊ नका.

आणि आता टायर. तुम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तुमच्या पत्रात यापेक्षा चांगलं वाक्य सापडलं नाही.

मायक्रो स्प्रिंटचा मागचा ॲक्सल अखंड असतो, दोन्ही मागची चाकं एकाच गतीने फिरतात. म्हणून उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठा ठेवतात. उजवं चाक प्रत्येक फेऱ्याला जास्त अंतर कापतं आणि गाडी आपोआप डावीकडे वळायला बघते. हा फरक म्हणजे स्टॅगर, आणि तो इंचांत मोजतात. हवा वाढली, टायर तापला, की घेर बदलतो. संध्याकाळी पाणी मारलेली माती ओली आणि चिकट असते, टायरला धरून ठेवते. रात्री मुख्य शर्यतीपर्यंत तीच माती घासून काळी, गुळगुळीत झालेली असते आणि संध्याकाळचा स्टॅगर, संध्याकाळची हवा चालत नाही. रेस संपल्यावर गरम टायरभोवती टेप लावणारा मुलगा आपली गाडी वळणावर का घसरली, याचं उत्तर शोधतोय. बाकीची मुलं मजा करत असताना तो हे करतो, तेही कुणी सांगितलेलं नसताना. ओढ म्हणतात ती हीच.

रेसिंगमध्ये या कामाला मोठी किंमत आहे. चॅड कनाउस लहानपणी वडिलांच्या रेस कारवर काम करत शिकला, आणि क्रू चीफ (गाडीची तयारी आणि शर्यतीतले डावपेच सांभाळणारा प्रमुख) म्हणून ड्रायव्हर जिमी जॉन्सनबरोबर सात कप चॅम्पियनशिप जिंकला, त्यातल्या पाच ओळीने, 2006 ते 2010. ज्या संघासाठी तो हे जिंकला, त्या हेंड्रिक मोटरस्पोर्ट्सचे कारखाने तुमच्या कॉन्कॉर्डमध्येच आहेत. शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनीअरिंग शिकता येतं, मूर्सव्हिलला नॅसकार टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. एसएटी द्यावीच लागली, तर ती देईल, त्यात विशेष काही नाही.

पण हे वाचून तुम्ही उद्यापासून त्याला क्रू चीफ करायच्या मागे लागलात, तर माझं उत्तर वाया गेलं. तो सोळा वर्षांचा आहे. त्याला टायर आवडतात, एवढंच आपल्याला आज माहीत आहे. जवळच्या एखाद्या लेट मॉडेल संघाच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार झाडलोट करायला, चाकं उचलायला मुलं लागतात. त्याला हवं असेल, तर त्याने स्वतः जाऊन विचारावं. तुम्ही फोन करू नका, सोबतही जाऊ नका. तिथे तो कुणाचा मुलगा नसेल आणि चुकला, तर दुसरं कुणीतरी रागावेल. याची त्याला गरज आहे.

बायकोला कसं समजवावं, असं विचारलंत. समजवू नका. ऐकून घ्या. एप्रिलनंतर घरात जो माणूस घाबरला होता आणि ज्याचं कुणी ऐकलं नाही, तो माणूस म्हणजे तुमच्या पत्नी. त्यांचा इंजिनीअरिंगचा आग्रह मला फारसा पटत नाही, पण तो मुलाला ट्रॅकवरून खाली उतरवण्यासाठी धरलेला आग्रह असावा, असं वाटतं. मुलगा सुरक्षित आहे अशी खात्री पटली, की बहुधा त्याही वेगळं बोलतील.

मायक्रो स्प्रिंट विकू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उरलेल्या सीझनमध्ये ती चालवायची, दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन आपण टायर सांभाळायचे, की गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, हे मुलाने ठरवावं. त्याला महिनाभर वेळ द्या. 'नाही' म्हणाला, तर कारण विचारू नका, आणि पॉइंट टेबल फ्रिजवर लावलेलं असेल, तर ते आधीच काढून ठेवा.